हात आईचे, नाव चुलत बहिणीचं

माझ्या आईवर अन्याय झाला. मागच्या मंगळवारी, सकाळी साडेदहाला, पवनानगरच्या आमच्या घरात, तिच्या डोळ्यांदेखत. नव्या शेळीपालकांच्या ऑनलाइन वर्गात त्या दिवशी जंताचं औषध कसं पाजायचं ते दाखवलं. पडद्यावर हात आईचे होते, मनगटावरच्या भाजल्याच्या डागासकट. आवाज माझ्या चुलत बहिणीचा, आणि खाली नावही तिचंच.

ही बहीण वराळ्याला राहते. कंपनीतलं काम सुटल्यावर तिनं पाच शेळ्या घेतल्या आणि या वर्गात नाव घातलं. मग दर रविवारी आमच्याकडे. "काकी, माजावर आलेली कशी ओळखायची? काकी, करडाला चीक किती वेळा पाजायचा?" आई हातातलं काम टाकून सांगायची. मला तिनं यातलं काही कधी शिकवलं नाही. मीही विचारलं नाही, कारण रविवारी मी परंदवडीला संघटनेची पत्रकं वाटत असायची. तरी माझा जळफळाट व्हायचा. खोटं कशाला लिहू? आई तिच्यासाठी सुकट राखून ठेवायची, तेसुद्धा मला खुपायचं.

एका रविवारी आई आमच्या शेळीला औषध पाजत असताना बहिणीनं फोनवर व्हिडिओ काढला. कशाला, ते सांगितलं नाही. घरी जाऊन त्यावर स्वतःचा आवाज चढवला आणि वर्गाला पाठवून दिला. शिकवणाऱ्यांना तो इतका आवडला, की पुढच्या तुकडीला हा धडा तिनंच द्यायचा, असं ठरलं. मी वर्ग माझ्या फोनवर लावला होता तो तिच्या चुका काढायला. दिसले हे हात.

"बघ तुझी लाडकी," मी आईला म्हटलं. "तुझे हात चोरले तिनं."

"गप गं. ती काय बोलती ते ऐक."

बहीण सांगत होती, "शेळीचं तोंड वर उचला, म्हणजे औषध सांडत नाही."

"माजे हात तोंड सरळ धरत्यात, आन ही वर म्हनती," आई म्हणाली. "वर केलं की औषध छातीत जातं. ठसकून मरंल शेरडू."

मी तिथूनच बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "ताई, तू जळतेस. आणि काकीला नाव कशाला हवंय? तिला ऑनलाइन मीटिंग लावता तरी येते का?"

आईनं फोन ओढून घेतला. "न्हाई येत. तुला पाजता येतं का? येत असतं तर सोताचेच हात दावले असतेस. नाव तुजं ऱ्हाऊ दे, बाय. तेवढं वर उचला म्हनलेलं काढ."

"आता बदललं तर माझं हसं होईल, काकी."

व्हिडिओ अजून तसाच फिरतोय. पुढची तुकडी सोमवारी बसणार आहे. आई नाव सोडायला तयार आहे, मी नाही. आणि जळते म्हणाल तर हो, जळते. पण मी जळते म्हणून शेळीच्या छातीत गेलेलं औषध काही परत येत नाही.

तुम्ही त्या तुकडीत असाल, तर शेळीचं तोंड सरळ धरा, औषधाची नळी ओठांच्या कडेनं घाला, औषध घोटाघोटानं सोडा. आणि आजच वर्गाच्या गटात लिहा: हा व्हिडिओ काढून टाका, आणि सोमवारी हा धडा द्यायला त्या हातांच्या बाईलाच बसवा.