शेजारणीचा पिवळा कागद

आज उदबत्तीचा निखारा पंचांगावर पडला. जळक्या कागदाचा वास आला आणि जपानमधल्या उरायासुच्या फ्लॅटमधली एक दुपार आठवली.

नातू दोन महिन्यांचा होता. तीन दिवस तो झोपेना आणि मला झोपू देईना. दृष्ट काढायला मी मिरच्या जाळल्या, तर धुराचा अलार्म वाजला. तो ऐकून शेजारची तैवानी म्हातारी आली. तिने पिवळ्या कागदावर लाल शाईने काही लिहिलं, कागद जाळला आणि राख वाटीभर पाण्यात कालवली.

"काय लिहिलंय, विचार गं," मी सुनेला म्हटलं.

सुनेने जपानीत विचारलं. "झोपेला हुकूम दिलाय म्हणे, ताबडतोब हजर हो."

मला नवल वाटलं. आपण देवाला विनवतो, ही सरळ हुकूम सोडते!

"आई, बाळाला राख पाजायची नाही हं!" सुनेने बजावलं.

आता वाटी परत कशी करायची? मीच पिऊन टाकली. बाळ रडतच राहिलं. मी मात्र संध्याकाळपर्यंत घोरत होते.

इतकी वर्षं हा किस्सा मी हसत सांगितला. पण म्हातारी बाळाकडे गेलीच नव्हती. वाटी तिने माझ्याच हातात दिली होती. हुकूम कुणाच्या झोपेला होता, ते मी विचारलंच नाही.