जिन्यातले बूट

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही मात्र जशीच्या तशी आठवते. गुन्हा मोठा होता म्हणून नव्हे. तो तसा किरकोळच होता.

मी तेव्हा डोंबिवलीतल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होते. सोमवारी सकाळी हजेरी चालू असतानाच एक गृहस्थ आले. त्यांचा तरुण मुलगा रविवारी दोन मित्रांबरोबर मोटारसायकलवरून सहलीला गेला होता. मित्र परत आले, मुलगा आला नाही. जिल्ह्याच्या टोकाला डोंगरात गुहांचं एक राखीव जंगल आहे. शेकरू बघायला, वटवाघळं बघायला, दोरावरून कडा उतरायला आमच्याकडची मुलं तिथे जातात. ठाणे अंमलदाराने मुलगा बेपत्ता असल्याची मिसिंग नोंदवून घेतली आणि दोन्ही मित्रांना बोलावलं.

दोघांचे जबाब तंतोतंत जुळले. गुहा पाहून परतताना खाण्यावरून वाद झाला, तो चिडून एकटाच एसटीच्या थांब्याकडे चालत गेला, नंतर दिसला नाही. माझा अनुभव असा, की खऱ्या भांडणाच्या दोन हकिगती कधीच जुळत नाहीत. पण तेवढ्यावरून कुणाला खोटं ठरवता येत नाही. जबाब घेऊन दोघांना घरी सोडलं. मुलाचा फोन बंद लागत होता.

तासाभरात तिकडच्या पोलिसांना खबर मिळाली. थांब्यावरच्या टपरीवाल्याने निळ्या शर्टातला एक तरुण जीपमध्ये बसताना पाहिला होता. वडिलांनी दिलेल्या वर्णनातही निळाच शर्ट होता. अशी खबर आली की पोलिसालाही बरं वाटतं, कारण काम सुरू झाल्यासारखं होतं. सगळी शोधाशोध रस्त्याच्या बाजूला, कल्याणच्या दिशेने वळली. फक्त आमचे जुने हवालदार कुरकुरत होते. म्हणाले, "मॅडम, भांडून निघालेला पोरगा घरी फोन करतोच. निदान तक्रार करायला तरी."

मी वनखात्याच्या अधिकाऱ्याला फोन लावला. त्यांनी सांगितलं, पर्यटकांना फक्त बाहेरची गुहा खुली असते. तिथे लाकडी फळ्यांवरून चालायचं, बुटाला मातीसुद्धा लागत नाही. आतल्या गुहेत वटवाघळांची वीण चालू असल्याने ती तारेचं कुंपण घालून बंद केली होती. मित्रांच्या जबाबात बाहेरच्याच गुहेचा उल्लेख होता.

दुपारी हवालदारांना घेऊन मी त्यांतल्या एकाच्या घरी गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दाराशी घरच्यांच्या चपला ओळीने लावलेल्या होत्या आणि त्यांच्यापासून लांब, जिन्याच्या कोपऱ्यात, वर्तमानपत्रावर बुटांचा एक जोड ठेवलेला होता. त्याच्या आईने दार उघडलं, वर्दी पाहिली आणि त्या हसल्या. पोलिसाला दारात बघून हसणारी माणसं क्वचित भेटतात.

"पासपोर्टचं ना? या, या. इतक्या लवकर याल असं वाटलं नव्हतं."

त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि आतून फाइल आणली. मुलाला जर्मनीत नोकरी लागली होती. सकाळी ठाण्यात येऊन गेल्याचं त्याने घरी सांगितलंच नव्हतं. आमच्या मुलावर आजवर एक तक्रार नाही, बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा, असं त्या सांगत राहिल्या. मग फाइलमधला एक कागद पुढे करून म्हणाल्या, "ओळख म्हणून याचं नाव दिलंय. शाळेपासूनचा मित्र आहे, स्टेशनपलीकडे राहतो. बोलावून घेऊ का त्याला?"

नाव सकाळी मिसिंगमध्ये नोंदवलेल्या मुलाचं होतं. हवालदारांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

मी विचारलं, बाहेरचे बूट कुणाचे?

"त्याचेच. वास येतोय ना? कालपासून डोकं उठलंय माझं. कपडे दोनदा मशीनला लावले, तरी वटवाघळांची घाण जात नाही. कुठे लोळून आलेत देव जाणे."

तेवढ्यात मुलगा आतल्या खोलीतून आला आणि आम्हाला बघून दारातच थांबला. आई चहा टाकायला वळल्या. मी त्याला जिन्यात घेऊन गेले. आवाज चढवला नाही, त्याची गरजही नव्हती. बुटांकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "तो कुठे पडलाय?"

त्याने पायाने बुटांचा जोड आणखी कोपऱ्यात सरकवला. मग म्हणाला, "मॅडम, केस झाली तर व्हेरिफिकेशन अडकेल. सहा महिन्यांनी जॉइनिंग आहे माझं."

"जिवंत आहे का तो?"

"आम्ही निघालो तेव्हा हाका मारत होता."

मग सगळं बाहेर आलं. तिघे तारेखालून आतल्या गुहेत शिरले. तिथे पाय घसरून मित्र खड्ड्यात पडला. दोघे मदत आणायला निघाले. वनखात्याची चौकी दिसली आणि त्यांचा धीर सुटला. नाव न सांगता कुणीतरी फोन करायचा असं ठरलं. याला वाटलं त्याने केला, त्याला वाटलं याने. सकाळी ठाण्यात मित्राच्या वडिलांसमोर एकदा खोटं बोलून झाल्यावर मागे फिरायला जागा राहिली नाही.

मी जिन्यातूनच फोन केले. वनरक्षक आणि गावातली माणसं दोर घेऊन आत उतरली आणि अंधार पडण्याआधी त्याला वर काढलं. पाय मोडला होता, ओठ फुटले होते, पण बोलत होता. डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र निघाली नसती.

कुंपणाखालून गेल्याबद्दल वनखात्याने दंड घेऊन प्रकरण मिटवलं. आमच्याकडे नोंद राहिली ती खोटी माहिती दिल्याची. म्हणजे ज्याला ते घाबरले ते त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. चौकशीत मी वैर, प्रेमप्रकरण, व्यवहार असं सगळं शोधून पाहिलं होतं. यातलं काहीच नव्हतं. चांगल्या घरातली मुलं होती, आणि आपण चांगल्या घरातले आहोत हे कागदावर टिकवण्यासाठी मित्राला खड्ड्यात ठेवून आली होती. पोलीस ठाण्यात गेलं की नाव जातं, हे त्यांना घरोघरी शिकवलेलं असतं. मदतही तिथेच मिळते, हे शिकवायचं राहून जातं. ते शिकवणं निम्मं आमचंही काम आहे.

काही महिन्यांनी त्याच्या पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनचा कागद माझ्या टेबलावर आला. जे घडलं होतं तेवढंच मी लिहिलं. पुढचा निर्णय पासपोर्ट कार्यालयाचा. मात्र ओळखीच्या माणसाचा जबाब घ्यायचा होता आणि अर्जात नाव अजून त्याच मित्राचं होतं. तो काठी टेकत ठाण्यात आला. मी त्याला सांगितलं, तुझ्यावर सक्ती नाही. नको असेल तर नाही म्हण, दुसऱ्या कुणाला तरी बोलावू.

त्याने जबाबाचा छापील कागद शेवटपर्यंत वाचला.

"यात ओळखता का एवढंच विचारलंय ना, मॅडम?"

एवढंच, मी म्हटलं.

"मग ओळखतो," तो म्हणाला. त्याने काठी टेबलाला टेकवून ठेवली आणि सही केली.