हरणीला घातलेली साद

उचगावच्या सयाजी गवळ्याच्या हाकेवर त्याची म्हैस हरणी चालायची. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून म्हशी पळवतात, तेव्हा बाकीचे दोर ओढत. सयाजी नुसता साद घालत पुढं पळायचा आणि हरणी गर्दी फोडून त्याच्यामागं. धारेचंही तसंच. साद ऐकली की पान्हा.

म्हणून घशात कॅन्सर निघाला, अगदी सुरुवातीचा, तेव्हा त्यानं एकच विचारलं, "हाक ऱ्हाईल न्हवं?"

पुण्याच्या डॉक्टरांनी शिरेतून औषध दिलं. दोन दिवसांनी दुर्बीण घालून घशात लाल उजेड सोडला. त्या उजेडानं औषध जागं होतं आणि रोग जाळतं, म्हणाले. आवाज बहुधा राहील. मात्र महिनाभर ऊन लागलं तर कातडी भाजेल. घरात मंद उजेड चालेल.

आक्काताईनं, त्याच्या बायकोनं, तेवढंही ऐकलं नाही. सगळ्या खिडक्यांना गोणपाटं ठोकली. त्या काळोखात सयाजी पडून असायचा, आवाज कुजबुजण्यापुरता.

एका सकाळी गोठ्यातून साद आली, "ए हरणेऽ, ये की गं बाय!"

खणखणीत. त्याचीच. त्यानं घशाला हात लावला. घसा गप्प होता. पाठोपाठ चरवीत धार वाजली.

आक्काताई आत आली. "कोण हुतं गोठ्यात?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"तुमीच की. मोबाइलवरचा पाडव्याचा व्हिडिओ. तुमच्या हाकेबिगर ही भवानी दूध चोरत हुती, पान्हाच सोडंना."

"मी मेल्यावं लाव की."

"तवा बी लावीन. आत्ता सराव चाललाय." ती हसली आणि एकदम पाठ फिरवून बाहेर गेली.

मग रोज दोन्ही वेळा तो आवाज येऊ लागला. त्या आवाजाला कधी खोकला यायचा नाही. सयाजी त्याची वाट बघायचा आणि तो आला की उशीत कान दाबायचा.

महिना सरला. रोग दिसत नाही, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं. हाताला थोडं ऊन लावून पाहिलं. कातडी लाल झाली नाही. सयाजी गोठ्यात गेला. हरणीनं त्याचा सदरा हुंगला, मनगट चाटलं. तो धारेला बसला आणि साद घातली. आवाज फुटला, पण खालचा, वाळू मिसळल्यासारखा.

कास घट्टच राहिली. हरणी मान वळवून मोबाइल ठेवायच्या कोनाड्याकडं बघत होती.

आक्काताई दारात थांबली.

"लाव," सयाजी म्हणाला.

साद घुमली. पान्हा सुटला. दुसऱ्याची म्हैस पिळावी तसा तो खाली मान घालून धार काढत राहिला.