कैरीची पहिली फोड

माझी बायको गोंडी शिकली ती उपकेंद्राच्या ओसरीवर बसून. एटापल्लीच्या पलीकडे, जंगलातल्या एका गावात ती अकरा वर्षं नर्स होती. मी चंद्रपूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. ती पंधरा दिवसांनी घरी यायची, तेव्हा तिच्या पिशवीत कोपरे दुमडलेली एक वही असायची. मी विचारायचो, यावेळी कोणते शब्द आणलेस? ती हसायची.

"तुमाले काऊन सांगू? तुमी लगेच कार्डावर लिवून ड्रॉवरमंधी ठेवसान."

निवृत्त झाल्यावर ती चंद्रपूरला आली, पण गोंडी सुटली नाही. त्या गावातली एक आजी दर गुरुवारी सुनेबरोबर बाजाराला यायची. बाजाराच्या गावात नेटवर्क असे. सून फोन लावून द्यायची आणि मग अर्धा तास आमच्या स्वयंपाकघरात हसणं चालायचं. मी बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडून बसलेला असे. पान मात्र उलटत नसे. चाळीस वर्षांच्या संसारात तिचा एवढा एक कोपरा मला कळत नव्हता, आणि मला तो आवडायचा.

डिसेंबरात ती गेली. त्यानंतरच्या गुरुवारी तिचा फोन वाजला. मी तो हातात धरून बसलो, उचलला नाही. सुनेला मराठी येतं, चार शब्दांत सांगता आलं असतं. पण ज्या भाषेत त्या दोघी हसल्या, त्याच भाषेत आजीला हे कळावं, आणि ते मी सांगावं, असं मनानं घेतलं. पुढच्या गुरुवारी फोन पुन्हा वाजला. नंतर वाजायचा थांबला.

मी तिची वही काढली. ती वही म्हणजे शब्दसंग्रह नव्हताच. एकेका शब्दापुढे अर्थाऐवजी काहीतरी हकिकत लिहिलेली असे. 'येर' या शब्दापुढे होतं : "पाणी. आल्याआल्या तांब्या देतात, आधी पाय धुवायचे. मी पिऊन टाकलं, सगळ्या हसल्या." मला हे अघळपघळ वाटलं. मी नवं रजिस्टर आणलं, शब्द अकारविल्हे लावले आणि पुढे एकशब्दी अर्थ लिहिले. येर, पाणी. मरका, आंबा. हकिकती गाळल्या. आयुष्यभर मी हेच काम केलं होतं. तीन महिन्यांत रजिस्टर पुरं झालं. ओळखीच्या एका गोंड शिक्षकांकडून तीन वाक्यं तयार करून घेतली आणि त्यांच्यासमोर बसून पाठ केली : ती गेली. त्रास झाला नाही. तुमची आठवण काढत होती.

मार्चमध्ये निघालो. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून अंगणातल्या झाडाच्या दहा-बारा कैऱ्या पिशवीत घेतल्या. ते झाड तिनेच लावलेलं.

आजी अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मी जोहार केला. सुनेनं बाज टाकली, तांब्या दिला. मी पाय धुतले. एवढं तरी लक्षात राहिलं होतं. मग उभं राहूनच तिन्ही वाक्यं म्हटली. आजी मोहफुलांवरून हात फिरवत राहिली.

"बरोबर बोललो ना मी?" मी सुनेला विचारलं.

"बरोबर बोलले, भाऊ. पण पुस्तक वाचल्यावानी बोलले." मग हळूच म्हणाली, "बुढीले समजलंच होतं. फोन नाई उचलला तवाच."

माझ्याकडची वाक्यं संपली होती. मी पिशवी उघडली, एक कैरी काढली, खिशातल्या चाकूनं फोड केली आणि आजीपुढे धरली. आजीनं हात मागे घेतला.

"अजून पंडुम नाई झाला, भाऊ," सून म्हणाली. "पंडुमाच्या दिवशी गावात सण असते. गेलेल्या मानसाईले नवा मरका देतात पयले, मंग आमी खातो. त्याच्या आधी तोंडाले लावत नाई. सिस्टरबाईले त ठाऊक होतं."

मला लख्ख आठवलं. तिच्या वहीत 'मरका'पुढे तीन ओळी होत्या. मी त्या वाचल्या होत्या आणि गाळल्या होत्या.

फोड हातात घेऊन मी बाजेवर बसलो. तेवढ्यात आजी काहीतरी पुटपुटली आणि हसू लागली. त्यातला 'मरका' तेवढा मला कळला. सूनही हसली.

"बुढी म्हणते, सिस्टरबाईनं बी पयल्या साली असंच केलं होतं. तुमी त नुसती कापली. तिनं झाडाखाली उभी राहून आख्खी खाऊन टाकली होती. मंग कोनी सांगितलं त रडाले लागली."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मीही हसलो. डिसेंबरनंतर पहिल्यांदा.

आजी उठली. उरलेल्या कैऱ्या तिनं पदरात घेतल्या, घरात नेऊन टोपलीत ठेवल्या आणि दारात उभी राहून सावकाश बोलली. सुनेनं सांगितलं, "म्हणते, दरसाल सिस्टरबाई पंडुमाले इथी यायची. आमच्या संगं खायची. आता आमच्या पयले खाईल."

कापलेली फोड मी कागदात गुंडाळून परत आणली.

घरी आल्यावर रजिस्टर बाजूला ठेवलं आणि तिची वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतली. एकेका शब्दावर थांबत, कधी कधी एका संध्याकाळी एकच. अंगणात कैऱ्या पडत होत्या. शेजारच्या बाईंनी विचारलं, "भाऊ, यंदा लोणचं नाई टाकत का?" म्हटलं, अजून थोडं थांबायचंय. त्यांना वाटलं असेल, दुःखामुळे.

एका गुरुवारी तिचा फोन वाजला. यावेळी मी लगेच उचलला. जोहार म्हटलं. पलीकडून आजी खूप वेळ बोलली. मला दोन-चार शब्द कळले, बाकीचा नुसता आवाज ऐकला. शेवटी सून आली.

"झाला पंडुम, भाऊ. सिस्टरबाईले दिलं आमी. बुढी म्हणते, आता तुमी बी खा."

मी झाडाची एक कैरी उतरवली. पहिली फोड झाडाच्या बुंध्याशी ठेवली. तिच्यावर मीठ जरा जास्तच घातलं. तिला तसंच लागायचं.