पुसायचं तर तुझ्या हाताने पूस

अक्काच्या घरात शिरलं की आधी चपलांचा स्टँड लागतो, आणि त्या स्टँडवर चपला नसतात, कॉम्प्युटर असतो. चपला बिचाऱ्या जमिनीवर. कॉम्प्युटर म्हणजे तरी काय, नुसता सांगाडा. बाजूचा पत्रा अक्काने कायमचा काढून टाकलाय. रोज काही ना काही उघडायचंच असतं, तर झाकायचं कशाला, असं तिचं म्हणणं. आतला बोर्ड कुठल्याशा बँकेने भंगारात काढलेला, पंखा तिसऱ्याच मशीनचा, आणि पडद्यावर एक उभी हिरवी रेघ आहे ती जन्मात जाणार नाही. पाहुणे त्या रेघेकडे बघून हळहळतात. अक्का त्यांना सांगते, "रेघेच्या उजवीकडे वाचा, सगळं नीट दिसतं."

दिवसभर ती औषधांच्या गोदामात खोकी भरते आणि संध्याकाळी घरी येऊन या सांगाड्यावर आपलं पान चालवते. वेबसाइट म्हणा हवं तर, ती पान म्हणते. हे पान कुठल्या बड्या कंपनीच्या जागेत भाड्याने राहत नाही. ते तिच्याच मशीनवर आहे, त्यामुळे घरातली वीज गेली की पानही जातं. वीज आली की वरच्या बाजूला ओळ दिसते: 'मघाशी वीज गेली होती. चिडू नका, मीही चिडले होते.'

पानावर असतात अक्काची मतं, आणि मतांचा तुटवडा तिच्याकडे कधीच पडला नाही. तिला लोक विचारतात, बाई, तू डाव्या विचारांची कशी झालीस? लोकांना वाटतं आता ही कुठल्यातरी जाडजूड पुस्तकाचं नाव घेणार. तसलं काही नाही. ती कामाला नवी लागली होती तेव्हा खोकी बांधायचं मशीन अडकलं. ते रोजच अडकायचं. अक्काने स्क्रूड्रायव्हर मागून आणला, झाकण काढलं, आत अडकलेली पट्टी ओढून काढली आणि मशीन सुरू केलं. शाबासकी राहिली बाजूलाच, सुपरवायझर अंगावर धावून आला. मशीन कंपनीचं आहे, त्याला हात लावायचा नाही, म्हणाला. अक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसभर याच हातांनी मशीन चालवायचं ते चालतं, आणि तेच उघडून बघायचं म्हटलं की कंपनीचं! त्या दिवशी ती युनियनची सभासद झाली, आणि त्याच आठवड्यात युनियनच्या खोलीत धूळ खात पडलेला कॉम्प्युटर तिने उघडून टेबलावर पसरला. एकच राग होता, त्याने दोन वाटा धरल्या.

आता गंमत अशी की दोन्हीकडे ती डोळ्यात खुपते.

रविवारी कॉम्प्युटरच्या हौशी लोकांचा क्लब भरतो. तिथे एक दातांचे डॉक्टर अध्यक्ष आहेत. अक्का तोंड उघडते तोच ते म्हणतात, "अक्का, इथे राजकारण नको हं." अक्का म्हणते, "डॉक्टर, तुमचं मशीन ज्याच्यावर चालतं ते सगळं लिनक्स कुणी लिहिलं? एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी मिळून लिहिलं, आणि कुलूप न लावता जगाला वाटून टाकलं. याला काय म्हणायचं?" डॉक्टर म्हणतात, "छंद." यावर अक्का कपाळाला हात लावते. तरीही ती क्लबात जाते, कारण तारा जोडायचं सोल्डरिंग डॉक्टरांइतकं सुबक पंचक्रोशीत कुणाला जमत नाही.

युनियनवाल्यांची तऱ्हा उलटी. ते म्हणतात, हा खेळ पुरे कर, क्रांती स्क्रूड्रायव्हरने होत नाही. "मग भाषणांनी कितीशी झाली?" असं अक्काने भर सभेत विचारलं होतं. तिचा खरा राग वेगळा होता. कामगारांच्या हाती साधनं आली पाहिजेत म्हणून ही मंडळी घसा कोरडा करतात, आणि आपल्या सभासदांची नावं, फोन, गुपितं सगळं नेऊन ठेवतात एका गडगंज कंपनीच्या ॲपमध्ये. एका मालकाविरुद्धची कुजबुज दुसऱ्या मालकाच्या दिवाणखान्यात बसून करायची. अक्काने घरच्या मशीनवर युनियनसाठी वेगळी जागा करून दिली होती, तिकडे कुणी फिरकलं नाही. सगळे त्या ॲपवरच आहेत ना, असं म्हणून सगळ्यांनी काखा वर केल्या.

इतपत कुरबूर चालायचीच. खरी ठिणगी पडली ती पट्ट्यावरून.

गोदामात प्रत्येकाच्या मनगटावर बांधायला एक पट्टा आला. युनियनने करारावर सही केली, बदल्यात पगारवाढ मिळाली, आणि सभासदांना सांगण्यात आलं की पट्टा नुसता हजेरीपुरता आहे. बांधल्यावर कळलं की हात जरा थांबला की तो थरथरतो आणि सुपरवायझरच्या पडद्यावर तुमचं नाव लाल होतं. अक्काला हे कळलं ते संडासात. घरी येऊन तिने लेख लिहिला. त्याचं पहिलंच वाक्य होतं: 'आज मी संडासात बसले असताना कंपनीने माझा हात धरून मला हलवलं.' पुढे तिने लिहिलं होतं की युनियनच्या पदाधिकाऱ्यांनी कुणालाही न विचारता यावर सही केली आहे, ती त्यांनी मागे घ्यावी.

जेवणाच्या सुट्टीत तो लेख गोदामभर फिरला. आधी बायका हसल्या, मग हसायच्या थांबल्या. दोघीतिघींनी पट्टे काढून सुपरवायझरच्या टेबलावर ठेवले. कंपनीने युनियनला बोलावून घेतलं आणि युनियनच्या कमिटीने अक्काला निरोप धाडला: लेख काढ, नाहीतर सभासदत्व जाईल.

सभासदत्व जाणं म्हणजे नुसतं कार्ड जाणं नव्हे. युनियनबाहेरच्या माणसाला कंपनी कुणालाही न विचारता घरी पाठवू शकते, आणि ती पाठवणार हे उघड होतं. अक्का घाबरली नाही असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे. या वयात दुसरीकडे कोण कामाला ठेवणार, हा विचार खोकी भरतानाही तिची पाठ सोडत नव्हता. पण लेख जागच्या जागी होता.

रविवारी दुपारी तिचा धाकटा भाऊ आला. डोक्यावरचे केस विरळ झाले तरी अक्का त्याला छोट्याच म्हणते. बाहेर मात्र त्याला सेक्रेटरी म्हणतात, कारण तो युनियनचा सेक्रेटरी आहे. करारावर सही त्याचीच.

"अक्का, ते काढ," तो दारातूनच म्हणाला.

"चहा टाकू?"

"चहा राहू दे. परवा सभा आहे. तुला काढायचा ठराव येणार आहे."

"कोण मांडणार?"

छोट्याने चपला सरळ करून ठेवल्या. त्या आधीच सरळ होत्या. "मी," तो म्हणाला.

याला अक्काने कडेवर घेऊन गेटसभांना नेलं होतं. माईकसमोर तो अडखळायचा तेव्हा भाषणं पाठ करून घेतली होती. याच सांगाड्यावर त्याची बोटं धरून त्याला टाइप करायला शिकवलं होतं. हे सगळं तिच्या ओठांवर आलं आणि तिने गिळलं, कारण केलेलं बोलून दाखवणाऱ्या माणसांची तिला चीड आहे.

"त्यात एक शब्द खोटा दाखव," ती म्हणाली. "आत्ता काढते."

"खऱ्याखोट्याचा प्रश्न नाही गं. कंपनी हसतेय आपल्याला. आपल्यातलं भांडण तू चव्हाट्यावर आणलंस."

"चव्हाट्यावर तुम्ही माझं संडासात बसणं आणलंत!"

"पगारवाढ तुझ्याही पदरात पडली ना?"

"पडली. म्हणून माझं मनगट तू कोण देणारा?"

"चळवळीत शिस्त लागते. हे तूच शिकवलंस मला."

"शिस्त शिकवली. मूग गिळून बसायला नव्हतं शिकवलं."

छोट्या पलंगाच्या कडेवर बसला. त्याचा आवाज उतरला. "अक्का, हात जोडतो. तुझी नोकरी जाईल, आणि ती माझ्या हाताने जाईल. काढ ना ते."

अक्का खुर्चीवरून उठली. तिने पासवर्ड टाकला आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बस. माझ्या हाताने हे होणार नाही. पुसायचं तर तुझ्या हाताने पूस."

त्याला वाटलं ही चेष्टा करतेय. मग वाटलं, बसलो की हात धरेल. तो बसला. अक्का त्याच्या मागे हाताची घडी घालून उभी राहिली. त्याने रेघेच्या उजवीकडे फाइल शोधली. मशीनने विचारलं, नक्की पुसायची? छोट्याने मागे वळून पाहिलं. अक्का पडद्याकडे बघत होती. त्याने बटण दाबलं.

लेख गेला.

"तुझ्याकडे प्रती असतील," तो घाम पुसत म्हणाला.

"आहेत. एक ट्रंकेत आणि एक डॉक्टरांकडे."

"त्याही दे मग."

"घेऊन जा. मला त्या नकोतच आता. ऊठ."

तो उठला तशी अक्का खुर्चीत बसली, आणि नवी कोरी फाइल उघडून टाइप करू लागली. पहिलं वाक्य तेच होतं, संडासातलं. छोट्या तिच्या खांद्यावरून वाचत होता. तिसऱ्या वाक्यापाशी तो थबकला. तिथे लिहिलं होतं: 'या करारावर माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने सही केली.'

"हे आधी नव्हतं. आधी तू पदाधिकारी लिहिलं होतंस."

"आधी तुला सांभाळून घेतलं होतं. म्हणून तर त्या प्रती नकोत."

"अक्का, मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही!"

"मला परवापासून नोकरी राहणार नाही. बसू दोघं घरी."

"पण मी एकट्याने नाही केली सही!" छोट्याचा आवाज चढला. "आधी युनियनच्या अध्यक्षांनी केली. मला तर करार वाचायलासुद्धा दिला नाही!"

अक्काची बोटं थांबली नाहीत.

"काय लिहितेस?"

"तू सांगितलंस ते. अध्यक्षांनी भावाला करार वाचायला दिला नाही."

कॉम्प्युटरची वायर छोट्याच्या पायाशीच होती आणि भिंतीवरचं बटण त्याच्या हाताच्या अंतरावर. त्याने बटणाकडे पाहिलं. त्याने पाहिलेलं अक्काला दिसलं, आणि ती लिहीतच राहिली. बटण दाबलं असतं तर तिने वीज चालू करून तिसऱ्यांदा लिहिलं असतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

"तसं नको लिहूस," तो म्हणाला.

"का? खोटं आहे?"

छोट्या खाली चपलांच्या शेजारी, जमिनीवरच बसला.

"हो," तो म्हणाला. "वाचायला दिला नाही असं नाही. मी मागितलाच नाही. तसं लिही."

अक्काने ती ओळ पुसली आणि तसं लिहिलं.