माझाही भाऊ होता

छत्तीसगढचं मंत्रालय जुन्या शहरातून नव्या रायपुरात गेलं, त्याच वर्षी माझा भाऊ गेला. भनपुरीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत तो मॅनेजर होता. मागे येणाऱ्या एका ट्रकनं त्याला भिंतीशी दाबलं. मी मंत्रालयात नोकरी करायचे, लग्न झालेलं नव्हतं. घरात आई, रेल्वेतून रिटायर झालेले बाबा आणि मी, एवढेच उरलो.

तेरवीला घर पाहुण्यांनी भरलं होतं. मी पंगतीत वरण वाढत होते. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "जाचं होतं त तुले जाचं होतं. तो काहून गेला?"

एका मावशीनं मान खाली घालून भात कालवला. मी पुढच्या पानावर वरण वाढलं.

मला वाटलं, दुःखात निघून गेलं तोंडातून. पण नंतर ती ते रोजच म्हणू लागली, कधी भाजी चिरताना, कधी टीव्ही पाहताना, आवाजही न चढवता. मी फोनवर हसले तर म्हणायची, "हास. तुले काय झालं?" दिवाळीला घेतलेला माझा कुर्ता तिनं कामवालीला देऊन टाकला. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "तिचा पोरगा गेला बेटा. सहन कर." मावशी, काकू, शेजारची दीदी, सगळ्यांचं म्हणणं हेच.

एकदा सकाळी ऑफिसची बस मंत्रालयासमोर थांबली आणि मला सीटवरून उठताच येईना. बरोबरची एक बाई मला धरून खाली घेऊन आली आणि दुपारी तिनंच एका समुपदेशकाचा पत्ता दिला.

सदर बाजारात एका सोनाराच्या दुकानाच्या वर त्यांची खोली होती. खाली स्कूटरचे हॉर्न, वर पंखा आणि दोन खुर्च्या. समुपदेशक बाई छत्तीसगढी होत्या. मी हिंदीत सांगत होते, "माँ कुछ-कुछ बोलती रहती हैं."

"क्या बोलती हैं? जैसा बोलती हैं, वैसा ही बोलिए."

मी मराठीत म्हटलं. पहिल्यांदाच ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर आलं. त्यांना शब्द किती कळले माहीत नाही, पण 'त्यांचा मुलगा गेलाय, समजून घ्या' असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "और आप भाई के लिए कब रोईं?"

मी रडलेच नव्हते. मी जिवंत का आहे, याचंच स्पष्टीकरण मनातल्या मनात देत बसले होते. भाऊ त्यात कुठे नव्हताच.

मी दर आठवड्याला जाऊ लागले. त्या त्याच्याबद्दल विचारायच्या आणि मी सांगायचे. तो मला ऑफिसला सोडायला याच बाजारातून स्कूटर काढायचा, गाईला बाजूला सारताना तिलाही 'चाचीजी' म्हणायचा. ते सांगतानाच एका दिवशी मी रडले. वेळ संपली तरी बाईंनी मला उठवलं नाही.

त्यांच्या सांगण्यावरून एकदा आईलाही नेलं. आई खुर्चीच्या काठावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. बाईंनी मुलाबद्दल विचारलं तशी तिनं उलट विचारलं, "आपका बच्चा मरा है कभी?"

"नहीं."

"तो चुप बैठो." ती उठली. जिन्यात मला म्हणाली, "लोकायले सांगत फिरते. लाज नाही वाटत?"

बाई नंतर मला म्हणाल्या की आई कधी बदलेल, बदलेल की नाही, त्यांना सांगता येणार नाही. मला त्याच घरात राहायलाच हवं असं मात्र नाही. मी नव्या रायपुरात सरकारी क्वार्टर घेतलं. आजूबाजूला रिकामे प्लॉट, बस क्वचित यायची. पण तिथं मी बिनधास्त रडायचे आणि हसायचेही.

वर्षश्राद्धाला घरी गेले. पानं वाढून झाली आणि आईनं तेच म्हटलं, त्याच शब्दांत.

या वेळी मी म्हणाले, "आई, माझाही भाऊ होता तो."

"भाऊच होता ना," ती म्हणाली. "पोटचा त नव्हता."

बाबा ताटात बघत होते. मी जेवण पूर्ण केलं, हात धुतले, चपला घातल्या. आईनं मागून विचारलं नाही, मी कुठे चालले. आता मी सणावारालाच जाते. ती अजून तेच म्हणते.