हवालदार डोळे मिटत नसत

हवालदारांसमोर पुटपुटायचीही चोरी होती. एकदा ते जिना चढून येताना दिसले आणि मी ओठांतल्या ओठांत म्हटलं, "आली पीडा!" तर दारातूनच म्हणाले, "पीडा आली, बसू का, बाय?" आणि हा माणूस ठार बहिरा! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

निजामपुऱ्यात एका कारखान्याच्या माडीवर माझा टायपिंगचा क्लास होता. खाली यंत्रमागांचा खडखडाट, वर आमचा. हवालदार त्याच कारखान्यावर वॉचमन. गाव दापोडे. सरहद्दीवर सुरुंग फुटून दोन्ही कान गेले आणि मेडिकल बोर्डाने त्यांना फौजेतून घरी पाठवलं. मागांच्या आवाजात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, कारागीर एकमेकांचे ओठ बघूनच बोलतात. "हितं सगळेच बहिरे, बाय. मला लय बरं वाटलं," ते म्हणायचे. वर्षभरात असे तरबेज झाले की समोरच्या हॉटेलात कोण कुणाची निंदा करतंय ते माझ्या खिडकीतून सांगायचे. मलाही त्यांनी थोडंफार शिकवलं.

त्याच विद्येने त्यांचा घात केला. अपंगत्वाची पेन्शन काही वर्षांपुरतीच मिळाली होती, पुढे फेरतपासणी. डॉक्टरांनी त्यांना पाठमोरं उभं केलं आणि मागून प्रश्न विचारले. समोर औषधांचं काचेचं कपाट होतं. काचेत डॉक्टरांचे ओठ दिसत होते. हवालदारांनी धडाधड उत्तरं दिली! कागदावर आलं : सुधारणा, अपंगत्व वीस टक्क्यांच्या आत. वीसच्या आत म्हणजे ती पेन्शन बंद.

"अहो, गप्प बसायचं ना!" मी कपाळाला हात लावला.

"सायबानं इचारलं, बाय. फौजी मानूस गप कसा ऱ्हाईल?"

घरी बायको मागाच्या कांड्यांवर सूत भरता भरता खोकून बेजार, औषधाची मारामार. पण त्यांना डाचत होतं ते निराळंच. "कागुद म्हंतो मी खोटा हाय," हे वाक्य ते दिवसातून चारदा ऐकवायचे.

अपील मी टाइप केलं, पदरचा कागद घालून. पुन्हा तपासणीची तारीख आली. मी म्हटलं, "सोपं आहे. या वेळी डोळे मिटून उभं राहायचं."

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "त्येवढं सोडून सांग."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, या माणसाला डोळे मिटलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. देवळात आरतीला सगळ्यांचे डोळे बंद आणि यांचे टक्क उघडे. दुपारी खुर्चीत डुलकी लागली तरी पापण्या अर्ध्या वर. माझ्या क्लासच्या मुली घाबरून त्यांना वळसा घालून जायच्या.

"सुरुंग फुटल्यावर शंकर, माझा जोडीदार, माझ्या मांडीवर व्हता," ते म्हणाले. "मरता मरता कायतरी सांगत व्हता. मला ऐकू येईना, आन तवा ओठ वाचता येत नव्हतं. अजून डोळे मिटले का तो येतो, तोंड हलवतो. मी झटकन उघडतो. आता मला वाचता येतं ना, बाय. शिव्या घालत असंल तर?"

मी भांडले त्यांच्याशी. "मेलेल्याला भिता आणि जित्या बायकोला खोकत ठेवता!" असं बोलून गेले. त्याची लाज मला अजून वाटते.

इस्पितळात मी सोबत गेले. आत जायची परवानगी नव्हती, दाराच्या काचेतून बघत होते. हवालदार डॉक्टरांना पाठमोरे, तोंड दाराकडे, डोळे घट्ट मिटलेले. डॉक्टरांनी विचारलं, पुन्हा मोठ्याने विचारलं. उत्तर नाही. मग हवालदारांचे दोन्ही हात हळूहळू पुढे आले आणि कुणाचं तरी डोकं धरावं तसे थांबले. ओठ हलू लागले, पहिलीतलं पोर अक्षरं लावतं तसे.

बाहेर आले तेव्हा ते रडत होते. "'आईला सांग, दुखलं न्हाय.' येवढंच म्हंत व्हता, बाय. येवढ्यासाठी मी त्याला इतकी वर्सं थांबवला!"

दुसऱ्याच दिवशी ते शंकरच्या गावी गेले. त्याची म्हातारी आई आदल्याच शिमग्यात वारली होती. पुढे पेन्शन पुन्हा सुरू झाली, कागदावर ते खरे ठरले, बायकोला औषध मिळालं. आणि हवालदार देवळात डोळे मिटू लागले.

"शंकर येतो का अजून?" मी एकदा विचारलं.

"न्हाय. आता म्हातारी येते. मी तिला कधी बघितली न्हाय, पन तीच हाय. रोज इचारते, 'लेकरा, दुखलं का रं त्याला?'" हे त्यांनी भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज सांगितलं. मी खिडकी लावून घेतली.

बऱ्याच वर्षांनी त्यांची बायको मला बोलवायला आली. हवालदार खाटेवर होते, आवाज गेलेला, डोळे मिटलेले. ओठ मात्र हलत होते.

"बघ ना, बाय, काय म्हंतात? पानी मागतात का? लय दुखतंय का त्यांना?"

मी वाकून नीट पाहिलं. "न्हाय, आये. न्हाय दुखलं," पुन्हा पुन्हा तेच.

"म्हणतात, दुखलं नाही," मी तिला सांगितलं.